साने गुरुजी : युद्ध, त्याग आणि नागरिकाचे उत्तरदायित्व
(खानदेशातील वास्तव्याच्या संदर्भात एक चरित्रलेख)

१. प्रास्ताविक

पांडुरंग सदाशिव साने (१८९९-१९५०) यांचे नाव घेताच मराठी वाचकाच्या मनात ‘श्यामची आई’ जागी होते. या एका पुस्तकाच्या अफाट लोकप्रियतेने गुरुजींची जी प्रतिमा घडवली, तिने त्यांच्या चरित्राचे बरेच मोठे अंग झाकून टाकले आहे. हळवा लेखक, मुलांना गोष्टी सांगणारा शिक्षक, डोळ्यांत सदैव पाणी असलेला मातृभक्त, अशी ही प्रतिमा आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या लेखकाने आयुष्याच्या अखेरच्या वीस वर्षांतील कितीतरी वर्षे तुरुंगात काढली. जागतिक महायुद्धाला उघड विरोध केला. भूमिगत राहून सरकारी पहारे चुकवले. आणि समाजाच्या पातकांसाठी दोनदा दीर्घ उपोषणे केली. या गोष्टी हळवेपणाच्या चौकटीत बसवायच्या म्हटल्या तर त्या चरित्रातील तळटीपा होऊन राहतात.

प्रस्तुत लेखात गुरुजींचे चरित्र तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पाहावयाचे आहे. राज्यसंस्था युद्ध पुकारते तेव्हा त्या युद्धाशी सामान्य नागरिकाचे नाते काय असते? दुसऱ्याला त्यागाचा उपदेश करणाऱ्याने स्वतः कोणती किंमत मोजली पाहिजे? आणि समाजातील काहींच्या हातून घडलेल्या अपराधाचा भार इतरांवर पडतो की नाही? हे प्रश्न गुरुजींना ग्रंथांतून सुचलेले नव्हते. अमळनेर, धुळे, फैजपूर या खानदेशातील गावांत त्यांचे जे आयुष्य गेले, त्या आयुष्याने ते त्यांच्यापुढे आणून ठेवले. म्हणून या चरित्रलेखाचा केंद्रबिंदू खानदेश हाच आहे.

२. पालगड ते अमळनेर

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु गुरुजींच्या बालपणापर्यंत वैभव ओसरून कर्ज आणि जप्ती यांची छाया घरावर पडली होती. दापोली, औंध आणि पुणे असे करीत त्यांचे शिक्षण झाले. १९१७ मध्ये आई यशोदाबाई निवर्तल्या. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे पुढच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, त्यांनी पदवी घेतली आणि तत्त्वज्ञानाच्या उच्च अध्ययनासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले.

बोरी नदीकाठचे अमळनेर हे तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. सखाराम महाराजांच्या वारकरी परंपरेचे हे गाव श्रीमंत प्रतापशेठ यांच्या कापड गिरणीमुळे औद्योगिक केंद्र बनले होते, आणि त्याच प्रतापशेठांच्या दातृत्वातून तेथे तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्था उभी राहिली होती. भक्ती, भांडवल आणि वेदान्त यांचा असा संगम एकाच लहान गावी क्वचितच आढळेल. तरुण साने यांचे मन मात्र या मंदिरातील शास्त्रचर्चेत रमले नाही. १९२४ मध्ये ते तेथील शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल या नावाने ओळखल्या गेलेल्या शाळेत, शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

या छात्रालयातील सहा वर्षे त्यांच्या पुढील जीवनाची गुरुकिल्ली आहेत. मुलांना शिस्त सांगण्याऐवजी ते काम स्वतः करण्याची त्यांची रीत होती. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, खोल्या झाडणे ही कामे ते कोणताही गाजावाजा न करता करीत, आणि मुले ती पाहून शरमत व हळूहळू स्वतः करू लागत. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी लिहीत; पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी काढले. कर्तव्य सांगण्याआधी ते आचरावे, हा त्यांच्या नीतिविचाराचा पहिला सिद्धान्त या छात्रालयात तयार झाला. पुढे कायदेभंग, युद्धविरोध आणि उपोषण यांच्या रूपाने तो वारंवार प्रकट होत राहिला.

३. राजीनामा आणि पहिला कारावास

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गुरुजींच्या शिक्षकी जीवनाचा शेवट झाला. वर्गात देशभक्तीचे धडे द्यायचे आणि देश रस्त्यावर उतरला असता वर्गातच बसायचे, ही विसंगती त्यांना सहन होण्याजोगी नव्हती. नोकरीचा राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले आणि त्याच वर्षी त्यांना शिक्षा झाली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी मद्रास इलाख्यातील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात करण्यात आली.

हा मुक्काम वाङ्मयीन दृष्टीनेही फलदायी ठरला. तेथे निरनिराळ्या भाषांचे राजबंदी एकत्र होते. एकाच देशासाठी तुरुंगात आलेली ही माणसे परस्परांची भाषा जाणत नाहीत, हे शल्य गुरुजींना लागले. तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरल’चा मराठी अनुवाद करण्याची प्रेरणा त्यांना येथेच मिळाली, आणि पुढे ज्या कल्पनेला त्यांनी आंतरभारती हे नाव दिले तिचे बीजही येथेच पडले. देशासाठी त्याग करायचा तर तो देश आधी ओळखला पाहिजे, ही त्या कल्पनेमागची धारणा होय. त्यागाला ज्ञानाची जोड नसेल तर तो आंधळा होतो, हे भान या अनुभवाने दिले.

४. धुळे कारागृह : रणांगणावरील ग्रंथ

मार्च १९३१ मधील गांधी-आयर्विन करारानंतर सुटका झाली, परंतु १९३२ च्या आरंभी चळवळ पुन्हा सुरू होताच गुरुजी पुन्हा पकडले गेले. या वेळी ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तेथेच विनोबा भावेही होते. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत अठरा रविवारी विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. गुरुजींनी ती बोलली जात असतानाच लिहून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ या नावाने अनेक भारतीय भाषांत पोचलेला ग्रंथ त्या लेखणीमुळे टिकला आहे.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. गीता हा रणांगणावर सांगितलेला ग्रंथ. अर्जुनाचा प्रश्न युद्ध करावे की न करावे हा. तो ऐकणारे मात्र शस्त्र न धरण्याची शपथ घेऊन तुरुंगात आलेले सत्याग्रही. तेव्हा या श्रोत्यांना युद्धाचा उपदेश कोणत्या अर्थाने सांगायचा, हा विनोबांपुढचा प्रश्न होता. त्यांनी पहिल्याच प्रवचनात दाखवून दिले की अर्जुनाची अडचण अहिंसेतून आलेली नव्हती. आजवर अनेक लढाया मारणाऱ्या वीराला समोर आपलेच आप्त दिसताच युद्ध पाप वाटू लागले, हा मोह होता. शेकडो आरोपींना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचा स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहिल्यावर त्याला फाशीच अमानुष वाटावी, तसा हा प्रकार, असे स्पष्टीकरण त्यांनी केले. म्हणजे माणूस तत्त्वाच्या नावाने बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यामागे तत्त्व आहे की सोय आहे, हे त्याने स्वतःच तपासले पाहिजे. स्वधर्म दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही आणि दुसऱ्यावर सोपवताही येत नाही.

हे विवेचन उतरवून घेणाऱ्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला असला पाहिजे. पुढे १९४० मध्ये महायुद्धाच्या विरोधातील वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांचीच निवड केली. धुळ्याच्या तुरुंगात रणांगणावरील ग्रंथ उलगडणारा प्रवचनकार आणि तो लिहून घेणारा लेखक, दोघेही आठ वर्षांनंतरच्या खऱ्या युद्धात एकाच बाजूला उभे राहिले.

धुळ्याहून गुरुजींना नाशिकच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून पूर्ण झाली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या आठवणी कारागृहातील राजबंद्याने लिहिल्या आहेत, हे विसरून त्यांचे वाचन होते म्हणून त्या केवळ कौटुंबिक वाटतात. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मायेने पाठीशी घालत नाही. भित्रेपणाबद्दल त्याला मार खावा लागतो. डोक्यावर मोळी घेता न येणाऱ्या वृद्ध महारणीला हात लावण्यास ती त्याला सांगते. धैर्य आणि समता हे दोन धडे मूल घरात शिकते आणि पुढे त्याला ते सार्वजनिक जीवनात गिरवावे लागतात, असा या कथनाचा रोख आहे. नागरिक घरात घडतो, ही या पुस्तकाची न बोललेली भूमिका म्हणता येईल. त्याच वर्षी आलेला ‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह सरकारने जप्त केला, यावरून या लेखकाच्या हळवेपणाचे राजकीय मोल सत्ताधाऱ्यांनी समीक्षकांच्या आधी ओळखले होते असे दिसते.

५. फैजपूर ते महायुद्ध

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आदी खानदेशातील कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले आणि गुरुजींनी गावोगाव फिरून स्वयंसेवक व साहाय्य मिळवले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील ठरावांमुळे हे अधिवेशन सामान्यतः लक्षात राहिले आहे. युद्धाच्या धोक्याचा प्रश्नही येथे विचारात घेतला गेला होता आणि साम्राज्यवादी युद्धात भारताने सहभागी होऊ नये, ही आधीची भूमिका येथे पुन्हा मांडण्यात आली. युरोपात स्पेनचे यादवी युद्ध सुरू झाले होते. केळीच्या बागांच्या प्रदेशातील एका खेड्यात जगाच्या युद्धाचा विचार व्हावा, ही गोष्ट खानदेशच्या इतिहासात अपूर्वच होती.

१९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. शेतसारा, कर्ज, गिरणी कामगारांची स्थिती हे त्यांचे या काळातील विषय होते. कामगारांच्या लढ्यांत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी त्यांचे निकटचे सहकार्य होते. मधु लिमये यांच्यासारखे तरुण समाजवादी कार्यकर्तेही पुण्याहून खानदेशात येऊन त्यांच्या सहवासात काम करू लागले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. ज्या देशाच्या नावाने युद्ध पुकारले, त्या देशाच्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारण्यात आले नव्हते. गुरुजींच्या दृष्टीने प्रश्नाचे मर्म येथे होते. ज्या निर्णयात नागरिकाचा वाटा नाही, त्या निर्णयासाठी त्याचे धान्य, पैसा आणि प्राण मागितले जात होते. संमतीवाचून घडवलेला त्याग हा त्याग नसून वसुली आहे. खानदेशातील सारावसुलीचे जुलूम पाहिलेल्या कार्यकर्त्याला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांच्या भाषणाने वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. या सत्याग्रहाची रचना मुद्दाम एकट्याची ठेवली होती. जमाव नाही, मिरवणूक नाही. एक माणूस उभा राहतो आणि या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊन साहाय्य करणे चूक आहे असे सांगून तुरुंगात जातो. वीस हजारांहून अधिक लोक या मार्गाने तुरुंगात गेले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल गुरुजींनाही या काळात पुन्हा कारावास घडला. धुळ्याच्या तुरुंगाशी त्यांचा संबंध असा पुन्हा जुळला.

६. मतभेदांचे मोल

या भूमिकेला त्या काळी महाराष्ट्रातच प्रबळ विरोधी पक्ष होते, हे सांगितल्याखेरीज चरित्र प्रामाणिक होणार नाही. सावरकरांनी हिंदू तरुणांनी सैन्यात शिरून शस्त्रविद्या आत्मसात करावी असा सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. डॉ. आंबेडकरांनी नाझीवादाचा पराभव ही निकडीची गोष्ट मानली; १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पुनःस्थापना झाली तिच्यामागे त्यांचे प्रयत्न होते आणि जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मानवेंद्रनाथ रॉय यांनी हे युद्ध फॅसिझमविरोधी म्हणून पाठिंबा देण्याजोगे ठरवले. हिटलरच्या विजयाचा अर्थ काय झाला असता हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे या पक्षांचे म्हणणे आज वाचताना केवळ सरकारधार्जिणे म्हणून बाजूला सारता येत नाही.

गुरुजींना सर्वांत जवळून भिडलेला मतभेद मात्र कम्युनिस्टांशी झाला. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले आणि कालपर्यंतचे साम्राज्यवादी युद्ध भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी लोकयुद्ध झाले. गिरणीच्या दारात ज्यांच्यासोबत गुरुजी उभे राहिले होते, ते सहकारी आता युद्धप्रयत्नांना साहाय्य करा असे सांगू लागले. गुरुजींना रशियाविषयी आस्था होती. तेथील प्रयोगाकडे ते आशेने पाहत. तरीही ते या वळणावर सोबत गेले नाहीत. दूरच्या देशातील घडामोडीने आपल्या गावातील माणसाचे कर्तव्य एका रात्रीत उलटे होते, हे त्यांना पटण्याजोगे नव्हते. धुळ्याच्या प्रवचनांतून उतरवून घेतलेला स्वधर्माचा निकष येथे त्यांनी लावला, असे म्हणण्यास आधार आहे. या निर्णयाची किंमत त्यांनी मैत्रीच्या रूपाने दिली. कामगार चळवळीतील त्यांचे जिव्हाळ्याचे संबंध कायमचे दुखावले.

७. बेचाळीस आणि खानदेश

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. नेते नसतील तेव्हा प्रत्येकाने स्वतःचे नेतृत्व करावे, हा गांधीजींचा संदेश होता. उत्तरदायित्वाचा भार इतक्या थेटपणे नागरिकावर टाकण्याचा प्रसंग स्वातंत्र्यलढ्यात दुसरा सापडत नाही.

खानदेशाने हा भार उचलला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. वयाची सोळा वर्षेही पूर्ण न केलेला शिरीषकुमार मेहता, आणि लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात मृत्युमुखी पडले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. दुसऱ्या टोकाला सशस्त्र मार्गही अवलंबिला गेला. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाणे गावानजीक क्रांतिकारकांनी लुटला. त्यात डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारखे खानदेशातील कार्यकर्ते आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड यांच्यासारखे सैनिक सहभागी होते.

गुरुजी या काळात प्रथम भूमिगत होते. मुंबईत ‘मूषक महाल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या निवासस्थानी समाजवादी कार्यकर्त्यांच्या समवेत ते राहिले आणि एप्रिल १९४३ मध्ये पकडले गेले. चिमठाण्याच्या घटनेच्या वेळी ते तुरुंगातच होते. १९४५ च्या आरंभी त्यांची सुटका झाली.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. नंदुरबारची मुले गुरुजींची विद्यार्थी नव्हती. परंतु त्या पिढीच्या शाळकरी मनावर त्यांच्या गीतांचा आणि गोष्टींचा संस्कार होता हे नाकारता येणार नाही. मुलांना त्यागाची गोडी लावणाऱ्या लेखकाचे, त्या त्यागाची परिणती गोळीत होते तेव्हा, उत्तरदायित्व किती? युद्धाच्या काळात सर्वच राष्ट्रांत कवी आणि शिक्षक तरुणांना मरणाचे सौंदर्य सांगत असतात. पहिल्या महायुद्धात युरोपातील शाळामास्तरांनी वर्गच्या वर्ग खंदकांकडे पाठवले होते. गुरुजींना या मालिकेत बसवता येते काय?

प्रस्तुत लेखकाच्या मते तसे करता येत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. एक तर, गुरुजींनी कधीही मारण्याचे शौर्य गायिले नाही. ‘आस्तिक’ या कादंबरीत त्यांनी जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा नाग ही एक मानवजात मानून सांगितली. एका राजाच्या मृत्यूचा सूड म्हणून साऱ्या जातीचा संहार आरंभला जातो आणि आस्तिक हा प्रेमाच्या बळावर तो थांबवतो. सूडाच्या यज्ञात आहुती देणारा आणि तो यज्ञ विझवण्यासाठी स्वतःला पुढे करणारा, असे त्यागाचे दोन प्रकार या कादंबरीत समोरासमोर उभे केले आहेत. दुसरे म्हणजे, जो त्याग त्यांनी सांगितला तो आधी स्वतः केला. नोकरी, घरसंसार, आरोग्य, मैत्री यांपैकी काही त्यांनी राखून ठेवले नाही. युरोपातील शाळामास्तर वर्गातच राहिले होते; अमळनेरचा शिक्षक १९३० मध्येच वर्गाबाहेर पडला होता. तरीही प्रश्न पूर्णपणे मिटतो असे नाही. शब्द लिहिणाऱ्याच्या हातातून सुटला की तो कोणाला कोठे नेईल हे लिहिणाऱ्याच्या अधीन राहत नाही. गुरुजींच्या वाङ्मयाच्या अध्यापनात हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मोकळेपणाने ठेवला पाहिजे.

८. पंढरपूर आणि १९४८

युद्ध संपले, स्वातंत्र्य दारात आले. त्या वेळी गुरुजींनी देशापुढे अगदी वेगळा हिशेब मांडला. जो समाज आपल्यातील काही माणसांना देवळाच्या पायरीवर थांबवतो, त्याला स्वातंत्र्य मागण्याचा अधिकार कितपत आहे, असा हा प्रश्न होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. अपुऱ्या माहितीमुळे गांधीजींनी ते थांबवण्याचा सल्ला दिला होता. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत त्यांच्या सल्ल्यापुढेही गुरुजींनी स्वतःच्या विवेकाचा कौल प्रमाण मानला. १० मे रोजी मंदिर खुले करण्यास मान्यता मिळाल्यावर उपोषण संपले. येथे त्यांनी सत्तेशी लढा दिला नाही. आपल्याच समाजाच्या अपराधात आपण भागीदार आहोत हे मानून त्याचे क्लेश स्वतःच्या शरीरावर घेतले. मोळी उचलू न शकणाऱ्या वृद्धेपाशी सुरू झालेला धडा असा विठ्ठलाच्या महाद्वाराशी येऊन पोचला.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय होता. पाठोपाठ महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. एका बाजूला हत्येचे समर्थन कुजबुजणारे आणि दुसऱ्या बाजूला निरपराधांवर सूड घेणारे, अशा स्थितीत गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. ज्या समाजात असा द्वेष वाढला त्या समाजाचा मी एक घटक आहे, तो वाढत असताना मी कमी पडलो, ही त्यामागील भावना होती. कायद्याच्या दृष्टीने अपराधी एक व्यक्ती असते. गुरुजींनी कायद्याच्या पलीकडील नैतिक भागीदारीची कल्पना आचरणात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने फौजदारी, राजकीय, नैतिक आणि आध्यात्मिक अशा अपराधाच्या चार प्रकारांचे विवेचन १९४६ मध्ये केले होते. तेथे विश्लेषणाने मांडलेला विचार येथे उपोषणाने मांडला गेला, एवढाच फरक.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्यातील मराठी साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगातील बीज अठरा वर्षांनी साहित्यिकांच्या सभेत आले.

९. या विचाराची मर्यादा

११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास. या घटनेला हौतात्म्याचे वलय देणे योग्य नव्हे. तिच्याकडे केवळ मनाचा दुबळेपणा म्हणून पाहणेही अन्यायाचे होईल. तिच्यामागची सारी कारणे शोधण्याचा दावा येथे करावयाचा नाही. तथापि नीतिविचाराच्या अंगाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गुरुजींच्या उत्तरदायित्वाच्या कल्पनेला सीमारेषा नव्हती. गावाचे, प्रांताचे, देशाचे, इतिहासाचे पाप एकाच माणसाने आपले मानायचे ठरवले तर त्याच्या खांद्यांना ते पेलत नाही. गीतेच्या ज्या प्रवचनांनी त्यांना स्वधर्म शिकवला, त्यांतच फलत्यागही होता. कर्म आपले, फळ आपले नव्हे, ही सूट त्यांनी इतरांना दिली, स्वतःला दिली नाही. नागरिकाचे उत्तरदायित्व वैयक्तिक असले तरी ते एकट्याने निभावण्याजोगे नसते. त्यासाठी संस्था, सहकारी आणि विसावा यांची गरज असते. ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून शिकण्याजोगी आहे, आणि ती त्यांच्या गुणांइतकीच महत्त्वाची आहे.

१०. समारोप

साने गुरुजींच्या वाङ्मयावर भाबडेपणाचा आणि अश्रूंच्या अतिरेकाचा आक्षेप जुना आहे. शैलीपुरता तो बव्हंशी मान्य करावा लागतो. परंतु टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा ‘कला म्हणजे काय?’ हा अनुवाद करणाऱ्या या लेखकाने माणसे जोडणे हीच कलेची कसोटी मानली होती, आणि त्या कसोटीवर त्याचे लेखन तपासले गेले पाहिजे. युद्ध सरकारने पुकारलेले असो, जातीने जातीविरुद्ध पुकारलेले असो वा द्वेषाने विवेकाविरुद्ध, त्यात माझे नाव कोणी व का गोवले हे विचारणे; विरोध करायचा तर त्याची शिक्षा स्वतः भोगणे; आणि आपल्या बाजूच्या अपराधाचे माप इतरांच्या अपराधापेक्षा कडक ठेवणे, ही त्यांच्या जीवनातून निघणारी तीन सूत्रे होत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा गुरुजींचे स्मरण मोठ्या प्रमाणावर झाले. स्मरणाच्या पुढे जाऊन अभ्यासाचे बरेच काम शिल्लक आहे. ‘काँग्रेस’ साप्ताहिकातील त्यांच्या युद्धविषयक लेखनाचा कालानुक्रमे अभ्यास, ‘गीता प्रवचने’ आणि ‘आस्तिक’ यांचा तौलनिक विचार, ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्यांतील त्यागाच्या कल्पनेची छाननी, हे विषय खानदेशातील महाविद्यालयांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहेत. या अभ्यासासाठी त्यांना फार लांब जावे लागणार नाही. ज्या शाळेतून हा शिक्षक बाहेर पडला ती अमळनेरला आहे, आणि ज्या गावी त्याने रणांगणावरील ग्रंथ उतरवून घेतला ते धुळे तेथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.